भरवशाचे यंत्र आणि जळकी मोटार

बारामती-इंदापूर पट्ट्यात दरवर्षी तीन छायाचित्रे ठरल्यासारखी छापून येतात. पहिले पावसाळ्यात येते. एका लोखंडी रोलरला हार घातलेला, पुढे नारळ फुटलेला आणि भोवती संचालक मंडळ उभे. खाली मथळा, ‘मिल रोलर पूजन’. दुसरे दसऱ्याच्या आसपास, ‘बॉयलर अग्निप्रदीपन’. तिसरे दिवाळीच्या मागेपुढे, गव्हाणीत मोळी टाकताना. कारखाना माळेगावचा असो, सोमेश्वरचा असो, भवानीनगरचा छत्रपती असो की बिजवडीचा कर्मयोगी, क्रम तोच. या तीन छायाचित्रांच्या मधल्या काळात कारखान्यात काय होते, याचे छायाचित्र मात्र कोणी छापत नाही. मिल उघडलेली असते, रोलर शेडमध्ये गेलेले असतात आणि फिटर मंडळी ग्रीसमध्ये कोपरापर्यंत बुडालेली असतात. पुढचे चार-पाच महिने हजारो एकरांवरच्या उसाचे काय होणार, ते बऱ्याच अंशी तिथे ठरते.

या विषयाचे इंग्रजीत एक भारदस्त शास्त्र आहे आणि मराठीत त्याला ‘विश्वसनीयता अभियांत्रिकी’ असा शब्द काढलेला आहे. मला तो जरा कोरडा वाटतो. आमच्याकडे ‘भरवशाची मोटार’ म्हणतात. त्याच भाषेत भरवशाच्या म्हशीला टोणगा होतो हेही लोकांना ठाऊक आहे. म्हणजे भरवसा ही खात्री नाही, शक्यता आहे, हे शास्त्राचे पहिले सूत्र आपल्याकडे म्हणीतच येऊन बसले आहे.

मी इंजिनिअर नाही. आयटीआयचा वायरमन. वीस-बावीस वर्षे इंदापूर तालुक्यात मोटार रिवाइंडिंगचे दुकान चालवले. दुकानात आलेल्या प्रत्येक जळक्या मोटारीची नोंद एका वहीत ठेवायची सवय लागली, ती मुळात उधारीसाठी. नाव, गाव, हॉर्सपॉवर, किती बाकी. पुढे त्यात ‘कशाने जळाली’ हा रकाना घातला. नंतर पुण्यात अप्पा बळवंत चौकात जुन्या पुस्तकांच्या ढिगात या विषयाचे एक पाठ्यपुस्तक मिळाले आणि शब्दकोश शेजारी ठेवून ते तीन वर्षांत वाचले. आपण उधारीच्या वहीत जे लिहीत होतो त्याला जगात काही नाव आहे, हे तेव्हा कळले.

वहीतली एक नोंद माझ्याच चुकीची आहे. कालव्याची पाळी सुरू होती. नीरा डाव्या कालव्यावर पाळी म्हणजे काय, हे त्या भागातल्या वाचकांना सांगायला नको. इतरांसाठी एवढेच, की पाणी आपल्या दाराशी ठरलेल्या दिवसांतच येते आणि ते दिवस गेले की पुढच्या आवर्तनापर्यंत हात चोळत बसायचे. चारीचे पाणी विहिरीत घेऊन वरच्या रानाला उचलणाऱ्या एका शेतकऱ्याची साडेसातची मोनोब्लॉक जळाली. रात्रीतून करून द्या म्हणाला. मी कॉइल भरल्या, वार्निश केले, पण भट्टीत पुरेसा वेळ न भाजता मोटार बांधून दिली. पाचव्या दिवशी ती परत आली. वार्निश आत ओले राहिले होते. तोवर पाळी संपली होती. तो मला काही बोलला नाही. ‘राहू द्या दादा, घाई माझीच हुती,’ एवढेच म्हणाला. ते जास्त लागले.

नव्याने बांधलेली मोटार पाचव्या दिवशी जळते आणि तीच पंधरा दिवस टिकली की पुढे चार वर्षे काही होत नाही, हे प्रत्येक रिवाइंडरला माहीत असते. पुस्तकात याचा आलेख दिलेला होता. आडव्या रेघेवर यंत्राचे वय, उभ्या रेघेवर बिघडण्याचा धोका. सुरुवातीला धोका मोठा, मग तो उतरतो, बराच काळ सपाट राहतो आणि म्हातारपणी पुन्हा चढतो. आकार आंघोळीच्या टबासारखा, म्हणून नावही तेच. माणसाच्या मृत्युदराचा आलेखही साधारण असाच असतो, आणि म्हणून या पहिल्या चढाला शास्त्रात बालमृत्यूच म्हणतात. या तिन्ही अवस्था एका सूत्रात बसवणारे गणित स्वीडनच्या वालोडी वाइबुल यांच्या नावाने ओळखले जाते. त्यांचा गाजलेला निबंध १९५१चा. त्यांच्या विचाराच्या मुळाशी साखळी होती: साखळी तुटते ती तिच्या सर्वांत दुबळ्या कडीपाशी, तेव्हा कड्या जितक्या जास्त तितकी एखादी दुबळी असण्याची शक्यता जास्त. केन कॅरिअरच्या साखळीशी ज्यांचा जन्म गेला आहे, त्यांना हे वेगळे शिकवावे लागत नाही. वाइबुलच्या सूत्रात एक आकडा असतो. तो एकाहून कमी आला तर बालमृत्यू, एक आला तर निव्वळ नशीब, एकाहून जास्त आला तर झीज. बिघाडांच्या नोंदी नीट असतील तर कोणता आजार आहे हे त्या आकड्यावरून कळते, आणि औषध त्याप्रमाणे बदलते. झिजणारा भाग वेळेआधी बदलायचा. नशिबाने जाणारा भाग वेळेआधी बदलून उपयोग नाही, त्याचा जादा नग जवळ ठेवायचा. बालमृत्यू होत असेल तर आपलेच काम तपासायचे.

‘नशीब’ या मधल्या अवस्थेबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे. यंत्राच्या माहितीपत्रकात दोन बिघाडांमधला सरासरी काळ छापलेला असतो. समजा गळीत हंगाम चार महिन्यांचा, म्हणजे २८८० तासांचा, आणि यंत्राची सरासरीही नेमकी २८८० तास. मग हंगाम निभेल असे कोणालाही वाटते. धोका सपाट असेल तर हिशेब वेगळा निघतो. बिघाड न होता हंगाम पार पडण्याची शक्यता फक्त ३७ टक्के. सरासरी म्हणजे हमी नव्हे. बेअरिंगचे तर आणखी मजेशीर आहे. कॅटलॉगमध्ये जे आयुष्य दिलेले असते तिथवर १०० पैकी १० बेअरिंग गेलेली असणार, हे त्याच्या व्याख्येतच गृहीत धरलेले असते. दुकानदार ‘कंपनीने एवढे तास सांगितलेत’ असे छातीठोक सांगतो, तेव्हा दहातला एक आपण असू शकतो हे तो सांगत नाही. बहुधा त्यालाही माहीत नसते.

आता पुन्हा कारखान्यात येऊ. हंगाम संपला की सगळे उघडायचे, साफ करायचे, झिजलेले बदलायचे आणि पुन्हा बांधायचे ही आपल्याकडची जुनी रीत. ती बरोबर आहे का? हा प्रश्न मी एका जुन्या फिटरला विचारला तेव्हा त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिले, जणू मी दिवाळीला अभ्यंगस्नान कशाला करायचे असे विचारले.

पण प्रश्न विचारण्यासारखा आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश कोस्टल कमांडची विमाने जर्मन पाणबुड्या शोधत फिरत. दर ५० तासांच्या उड्डाणानंतर त्यांची तपासणी व्हायची. सी. एच. वॅडिंग्टन हे मूळचे जीवशास्त्रज्ञ, बालपणाची पहिली वर्षे दक्षिण भारतातल्या चहाच्या मळ्यात काढलेले. त्यांच्या गटाने बिघाडांच्या नोंदी तपासल्या. अपेक्षा अशी की तपासणीनंतर बिघाड कमी व्हावेत आणि पुढची तपासणी जवळ येईल तसे वाढावेत. निघाले उलटेच. तपासणीनंतर लगेच बिघाड वाढत आणि तास जातील तसे ते कमी होत. हात लावल्याने चांगले चाललेले बिघडत होते. वॅडिंग्टन यांचे यावरचे पुस्तक १९७३मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे १९७८मध्ये युनायटेड एअरलाइन्सच्या नोलन आणि हीप या दोघांनी अमेरिकी संरक्षण खात्यासाठी अहवाल लिहिला. त्यांच्या पाहणीत विमानाच्या ८९ टक्के भागांना म्हातारपण असे दिसलेच नाही. ६८ टक्के भागांत सुरुवातीचा बालमृत्यू आणि मग सपाट धोका होता. पाठ्यपुस्तकातला पूर्ण टब फक्त ४ टक्के भागांत सापडला.

हे वाचून मी उत्साहाने त्याच फिटरांकडे परत गेलो. त्यांनी मला मिल हाउसमध्ये नेले आणि शेडमध्ये ठेवलेल्या जुन्या रोलरच्या दातांवरून हात फिरवायला लावला. ‘हे विमानात असतंय का?’

त्यांचे बरोबर होते. ऊस शेतातून येताना माती घेऊन येतो. रस आम्ल असतो. त्या मातीच्या आणि आम्लाच्या रेट्यात ओतीव लोखंडाचे दात चोवीस तास दाबले जातात. फायब्रायझरचे हातोडे, ट्रॅश प्लेट, स्क्रेपर, गनमेटलच्या बेअरिंग, हे सगळे झिजतेच आणि वयाप्रमाणेच झिजते. मिल चालू असताना रोलरच्या दातांवर वेल्डिंगचे थेंब चढवत बसणारा माणूस तुम्ही पाहिला असेल, तर झीज म्हणजे काय हे तुम्हाला आलेखाशिवाय कळलेले आहे. विमानाचे आकडे साखर कारखान्याला जसेच्या तसे लावणे हा अर्धवट वाचनाचा दोष, आणि तो माझ्याकडून झाला.

पण म्हणून कारखान्यातले प्रत्येक यंत्र रोलर नसते. कंट्रोल पॅनेल, गीअरबॉक्स, टर्बाइनचे गव्हर्नर, बंदिस्त बेअरिंग यांना मातीही लागत नाही आणि रसही. तेही ‘ऑफ-सीझन आहे तर उघडून बघू’ म्हणून उघडले जातात. पत्ता लागू न देता चांगले चाललेले काहीतरी तिथे बिघडते. हंगामाच्या पहिल्या पंधरवड्यात मिल सारखी का थांबते, याचे एक उत्तर मला इथे दिसते. शहाणे कारखाने मोळी टाकण्याआधी मिल रिकामी फिरवून बघतात, इव्हॅपोरेटर आणि पॅनना पाण्याची ट्रायल देतात, बॉयलरची दाबचाचणी करतात. बालमृत्यू ट्रायलमध्येच होऊन जाऊ द्यायचे, उसावर नाही. एका वर्षी एका कारखान्यात (नाव सांगत नाही) मुहूर्त आधी ठरला, काम मागे राहिले आणि ट्रायलचे दिवस कापले गेले. गेटबाहेर ट्रॅक्टर आणि बैलगाड्यांची रांग दोन दिवस उभी होती. तोडलेला ऊस थांबला की वजन घटते आणि आतली साखर मोडत जाते. गाडीवानाची खेपही बुडते. बैल मात्र रोज खातात.

एक यंत्र थांबले तर सगळेच का थांबावे? कारण मिल एकापुढे एक असतात. गव्हाण, कॅरिअर, फायब्रायझर, पहिली मिल, दुसरी, तिसरी, चौथी. अशा ओळीत २० यंत्रे असतील आणि प्रत्येक यंत्र एखादा दिवस न थांबता पार पाडण्याचा भरवसा ९९ टक्के असेल, तर पूर्ण ओळीचा भरवसा ८२ टक्केच उरतो. पाचातला एक दिवस थांबण्याचा. उलट सेंट्रिफ्यूगल यंत्रे शेजारी-शेजारी असतात. एक थांबले तर बाकीची ओढतात. ९० टक्के भरवशाचे दोन पंप शेजारी ठेवले आणि एक पुरेसा असेल, तर जोडीचा भरवसा ९९ टक्के होतो.

कागदावर होतो. या हिशेबात एक अट लपलेली आहे: दोघे एकाच कारणाने मरता कामा नयेत. ही अट तुटते तेव्हा काय होते, ते डीपीजवळ राहणाऱ्या कोणालाही विचारा.

शेतीची थ्री फेज लाइट ठरावीक तास येते, कधी दिवसा, कधी रात्री. रात्री दोनला विहिरीवर कोण जाणार, म्हणून स्टार्टरला ऑटो बसवलेला. लाइट आली की मोटार आपोआप सुरू. एकट्यासाठी ही सोय उत्तम, पण एका डीपीवरच्या सगळ्यांनी ऑटो बसवले आहेत. सुरू होताना मोटार नेहमीच्या पाच-सात पट करंट ओढते. सगळ्या एकाच सेकंदाला ओढू लागल्या की व्होल्टेज बसते. व्होल्टेज ८० टक्क्यांवर आले की मोटारीचा जोर ६४ टक्क्यांवर येतो, कारण तो व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे घटतो. मग मोटार वेग घेत नाही, गुरगुरत राहते, करंट उतरत नाही. ओव्हरलोड रिले अशा वेळी मोटार बंद करतो. तो सारखा बंद करतो म्हणून कंटाळून कोणीतरी तो शॉर्ट केलेला असतो. फ्यूजच्या जागी जाड तार असते. आता फक्त कॉइलचे इन्सुलेशन उरते, आणि तापमान दर दहा अंशांनी वाढले की त्याचे आयुष्य साधारण निम्मे होते. मोटारी जळतात, नाही तर डीपी जळते. डीपी बदलून येईपर्यंत कोणाचीच मोटार चालत नाही.

माझ्या वहीत ‘कशाने जळाली’ या रकान्यात मी कित्येक वर्षे ‘कमी व्होल्टेज’ लिहीत होतो. एके दिवशी नोंदी तारखेप्रमाणे न बघता डीपीप्रमाणे लावून बघितल्या. त्याच त्या तीन-चार डीपींवरच्या मोटारी माझ्याकडे झुंडीने येत होत्या. बिघाड मोटारीत नव्हता, वस्तीच्या रचनेत होता. लोकांना सांगितले, की ऑटो ठेवायचाच असेल तर प्रत्येकाने टायमर लावून दोन-दोन मिनिटांच्या अंतराने मोटार सुरू करा, कपॅसिटर बसवा, रिले मोकळा करा. एका वस्तीने ऐकले. बाकीच्यांचे म्हणणे, आधी शेजाऱ्याने करावे. एकाने हसत विचारले, ‘समद्यांनी ऐकलं तर तुमचं दुकान कसं चालायचं?’

हीच गोष्ट जगात फार मोठ्या किमतीला घडलेली आहे. २८ जानेवारी १९८६ रोजी चॅलेंजर यान उड्डाणानंतर ७३ सेकंदांनी नष्ट झाले आणि सातही अंतराळवीर गेले. त्याच्या घन इंधनाच्या बूस्टरचे तुकडे एकमेकांना जोडलेले होते आणि सांध्यात रबरी कडी होती. एक फसली तर दुसरी म्हणून दोन कड्या दिल्या होत्या. त्या सकाळी कडाक्याची थंडी होती आणि थंडी दोन्ही कड्यांना सारखीच लागली.

अशाच तुकड्या-तुकड्यांच्या बूस्टरची आवरणे इंदापूर तालुक्यात बनतात, हे दिवाळी अंकाच्या अनेक वाचकांना नवे असेल. वालचंद हिराचंद यांनी कळंबजवळच्या माळावर ऊस लावला, १९३०च्या दशकात साखर कारखाना उभा केला आणि त्याभोवती वालचंदनगर वसले. साखर काढता काढता साखरेची यंत्रे बनू लागली. पुढे अणुवीज केंद्रांचे भाग आणि इस्रोच्या रॉकेटची आवरणे आली. पीएसएलव्हीच्या पहिल्या टप्प्याचा व्यास २.८ मीटर आणि तो पाच तुकड्यांचा. चांद्रयान-३ला १४ जुलै २०२३ रोजी उचलणाऱ्या एलव्हीएम-३चे बूस्टर ३.२ मीटर व्यासाचे, तीन तुकड्यांचे, प्रत्येकात २०० टनांहून अधिक इंधन. मॅरेजिंग पोलादाचे हे नळकांडे जेमतेम दोन मिनिटे काम करते आणि समुद्रात पडते. त्याला ऑफ-सीझन नाही आणि ट्रायलही नाही, निदान पेटवून तरी नाही.

मग त्याचा भरवसा कशावरून ठरवायचा? चाचण्या घेऊन, असे म्हणावे तर हिशेब करून पाहा. भरवसा ९९ टक्के आहे असे ९५ टक्के खात्रीने म्हणायचे असेल, तर एकही अपयश न येता सलग २९९ यशस्वी चाचण्या लागतात. इतकी रॉकेटे कोण जाळणार? म्हणून इथे भरवसा शेवटी तपासायचा नसतो, आधीपासून घडवत न्यायचा असतो. पोलादाचा प्रत्येक पत्रा कोणत्या ओतातून आला, ते कागदावर असते. प्रत्येक वेल्डची क्ष-किरण आणि अल्ट्रासोनिक तपासणी होते. पूर्ण आवरण पाण्याने भरून वापरापेक्षा जास्त दाबाखाली ठेवून बघतात. कुठे काय बिघडले तर पुढे काय होईल, याची यादी काम सुरू होण्यापूर्वी केलेली असते. या यादीची पद्धत अमेरिकी सैन्याने १९४९मध्ये लिहून ठेवली होती.

आणि एवढे करूनही टोणगा होतोच. पीएसएलव्हीचे पहिले उड्डाण २० सप्टेंबर १९९३ रोजी फसले, ते पोलादामुळे नव्हे. नियंत्रणाच्या प्रोग्रॅममधली चूक त्याला नडली. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी सी-३९ मोहिमेत टप्पे नीट जळले, पण उपग्रहावरचे उष्णताकवच उघडलेच नाही. मोठ्या भागांवर सगळ्यांचे लक्ष असते. दोन भागांच्या मधले कोणाचे नसते.

वालचंदनगरच्या रस्त्याने जाताना एकीकडे मिलचे रोलर आणि दुसरीकडे रॉकेटची आवरणे बनवणारे हे गाव मला या शास्त्राची दोन टोके वाटते. एका टोकाला दरवर्षी दुरुस्ती, दुसऱ्या टोकाला दुरुस्तीची सोयच नाही. पण दोन्हीकडे आधार एकच, आणि तो म्हणजे खरी नोंद. रॉकेटच्या बाबतीत ती सक्तीने ठेवली जाते. आपल्याकडे काय होते ते सांगतो.

एका कारखान्याचे जुने स्टॉपेज रजिस्टर मला मोठ्या मिनतवारीने बघायला मिळाले. मिल थांबल्याचे कारण ठरावीक रकान्यांत लिहायचे असते: मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, प्रोसेस, ऊस नाही, इतर. मला ठाऊक असलेली एक रात्र मी मुद्दाम शोधली. त्या रात्री कॅरिअरची साखळी तुटली होती, कारण तिच्या दुरुस्तीवर गेलेला माझा मित्र सकाळपर्यंत घरी आला नव्हता. रजिस्टरमध्ये त्या तासांपुढे लिहिले होते, ‘ऊस नाही’. मेकॅनिकल लिहिले असते तर चीफ इंजिनिअरला विचारणा झाली असती. ऊस नाही म्हटले की दोष शेतकी खात्याकडे, तिथून तोडणीच्या टोळीकडे आणि टोळी तर बीड-नगरकडची, ती कुठे उत्तर द्यायला येणार? खोटे कोणी मुद्दाम दुष्टाव्याने लिहीत नाही. प्रत्येकाला नोकरी असते. पण त्या रजिस्टरवर वाइबुलचे गणित चालवले तर निष्कर्ष असा निघेल, की साखळी उत्तम आहे, ऊस तेवढा कमी पडतो.

गेल्या पावसाळ्यात मी त्या रोलरवाल्या फिटरांना भेटलो. ते आता निवृत्त झाले आहेत. मी त्यांच्यासाठी एक छोटी वही आखून नेली होती. हाताखाली तयार झालेल्या पोरांना द्या म्हटले, वरिष्ठांना दाखवायची गरज नाही. तीन रकाने होते: काय थांबले, किती वेळ, कशाने. त्यांनी चष्मा लावून पाहिले, खिशातून पेन काढले आणि पट्टी न घेता चौथी रेघ मारली. वर लिहिले, ‘याआधी कधी उघडले होते’. ‘कोणी’ का नाही लिहिले, म्हणून मी विचारले.

‘कोणी लिहिलं तर पोरं खरं लिहायची नाहीत,’ ते म्हणाले आणि वही पिशवीत घातली.